वाळुंजाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा

मी एकदा वाळुंजाच्या झाडाला संत्री आणायला निघाले होते. बोलण्याच्या ओघात नव्हे, उपमा म्हणून नव्हे. हातात चाकू घेऊन, दोनशे झाडांवर, भर दुपारी, पूर्ण शुद्धीवर असताना.

वाचणारा वरूडकडचा असेल, तर त्यानं एव्हाना अंक मांडीवर ठेवून घरातल्यांना हाक मारली असेल. बाकीच्यांना यात हसण्यासारखं काय आहे ते समजावून सांगावं लागेल. सांगते. जन्म गिऱ्हाइकांना समजावण्यातच गेलाय, आणखी थोडं सांगितल्यानं जीभ झिजणार नाही.

वरूडजवळ, नाल्यापासून थोडी वर, आमची रोपवाटिका होती. सासऱ्यांनी सुरू केली, पुढे मी चाळीस वर्षं चालवली. धंदा एकच, संत्र्याच्या कलमा. संत्र्याचं झाड बी पेरून करत नाहीत. बी पेरायचं ते जंबेरीचं. जंबेरी म्हणजे खडबडीत सालीचं, काटेरी, कुणीही हौसेनं न खाणारं लिंबू. ते रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याला खुंट म्हणायचं. थंडीत त्या खुंटाच्या सालीला उभी-आडवी चीर द्यायची. चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, नखाएवढ्या सालीसकट काढायचा, चिरेत सरकवायचा आणि पट्टीनं आवळून बांधायचा. तीन आठवड्यांनी पट्टी सोडून पाहायचं. डोळा हिरवा तर लागला, काळा तर गेला. लागला की जंबेरीचा शेंडा छाटून टाकायचा. मातीत राबायला जंबेरी, वर मिरवायला संत्रा. आपल्याकडच्या बऱ्याच संसारांची हीच रीत असल्यामुळे आमच्या मजूर बायांना हे शास्त्र फार लवकर समजायचं.

मला ते समजायला वेळ लागला, कारण मी शिकलेली होते. अमरावतीला वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी मिळवली होती. तो कागद काचेत बसवून मी रोपवाटिकेच्या शेडमध्ये टांगला होता. बाया त्याच्या खिळ्याला डब्याच्या पिशव्या अडकवत. मला राग यायचा. आता वाटतं, त्या खिळ्याचा तेवढाच उपयोग झाला.

कलमाचा एकच मोठा नियम. खुंट आणि डोळा एका कुळातले हवेत. लिंबावर संत्र लागतं, मोसंबी लागते. कडुनिंबावर लागत नाही. माणसांनी जाती बनवल्या आणि पाळल्या, तो मूर्खपणा; पण झाडांची कुळं खरी असतात, तिथे पळून जाऊन लग्न करायची सोय नाही. हा नियम माझ्या पुस्तकात होता. मी त्याच्यावर परीक्षेत उत्तरही लिहिलं होतं आणि मला चांगले गुण पडले होते. आमचे मामाजी, म्हणजे सासरे, सही करताना घामाघूम होत, पण दिवसाला शेकड्यांनी डोळे बांधत आणि त्यातले मोजकेच वाया जात. मी त्यांना कुळ, प्रजाती, ऊतक असे शब्द ऐकवायची. ते मान डोलवत आणि पुढचा डोळा बांधत.

मग सुखदेवभाऊ आले.

सुखदेवभाऊ आमच्या यजमानांचे बालमित्र. त्यांचं शेत नाल्याला लागून, काळ्या मातीचं. काळी माती कशी असते ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पावसाळ्यात ती पाणी धरून बसते, पाय गुडघ्यापर्यंत जातो, उन्हाळ्यात तीच अशी भेगाळते की भेगेत चप्पल जाते. पाणी धरलं की संत्र्याला डिंक्या होतो. बुंध्यातून डिंक गळतो, साल सुटते, झाड उभ्याउभ्या मरतं. सुखदेवभाऊंची नाल्याकाठची झाडं अशी दोनदा मेली होती. झाडं मेली, मुळं कुजली, आणि मोकळा झालेला काठ नाला दर पावसाळ्यात कुरतडत चालला होता. काठापासून दहा-बारा पावलांवर त्यांची विहीर. तिच्यावर सगळं शेत.

ते शेडमध्ये उकिडवे बसले आणि म्हणाले, "वयनी, संत्र उशिरा आलं तरी चालते मले. पर मुळी धरणारं झाड द्या. थे विहीर गेली तं समजा मी गेलो."

मामाजी म्हणाले, "सुखदेवा, तिथं संत्र लावूच नोको. थे जागा संत्र्याची नाही."

हे शहाणपणाचं वाक्य होतं. गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण सूनबाई पदवीधर होत्या.

त्याच आठवड्यात एक चमत्कार घडला होता. सुखदेवभाऊंची बायको पंचफुलाबाई आमच्याकडे हंगामात पिशव्या भरायला यायची. माझ्याच वयाची. तिचं माहेर वर, मेळघाटाच्या पायथ्याशी, नदीकाठचं. तिचा बाप टोपल्या विणायचा. बांबूच्या नव्हे, वाळुंजाच्या. माती वाहायला तिनं बापाकडून एक नवी टोपली आणली होती, ओल्या काड्यांची, आणि ती पाण्याच्या दांडाजवळ विसरून गेली होती. चार-सहा दिवसांनी पाहते तर टोपलीला पालवी फुटलेली! बुडाला लाल केसांसारखी मुळं. विणलेली, वाकवलेली, मूठ बसवलेली टोपली झाड व्हायला निघाली होती.

वाळुंज ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. आमच्या सपाटीला ते फारसं दिसत नाही. नदीच्या पात्रात, गोट्यांच्या फटीत, पाण्यात पाय सोडून बसलेलं असतं. वाढू दिलं तर झाड, पण पूर आणि कोयता त्याला वाढू देत नाहीत, म्हणून बहुतेक ठिकाणी झुडूप. काड्या तांबूस, पान लांबोडकं, वरून हिरवं, खालून पांढुरकं. वारा आला की सगळं झुडूप क्षणात रंग बदलतं. पूर आला की आडवं होतं, ओसरला की अंग झटकून उभं. फळ म्हणावं तर म्हातारीच्या केसांसारखा कापूस. खायला काही नाही, दाखवायला काही नाही, म्हणून सरकारी यादीत नाही आणि लग्नपत्रिकेवरही नाही. शेळ्या पाला खातात. पंचफुलाबाईचे वडील त्याच्या काड्यांच्या टोपल्या करत, कोंबड्या झाकायची डाली करत, घराच्या कुडाला त्याच काड्या वापरून वरून शेणमाती लिंपत. ताप आला की सालीचा काढा. तो काढा मी एकदा घेतला आहे. ताप उतरला, पण औषधानं उतरला की त्या कडूपणाला भिऊन पळाला, हे मी आजही सांगू शकत नाही.

तर ती पालवी फुटलेली टोपली पाहून माझ्या डोक्यात वीज चमकली. वीज चमकते तेव्हा उजेड पडतो असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा ती कशावर तरी कोसळते. मी हिशोब केला: वाळुंज पाण्यात मरत नाही. संत्रा पाण्यात मरतो. मग वाळुंजाचा खुंट घेऊन त्यावर संत्र्याचा डोळा बांधला तर?

पुस्तकातला नियम आठवला नाही का? आठवला. पण नियम सामान्यांसाठी असतात, आणि मी तेवीस वर्षांची होते.

बैलगाडी घेऊन मी पंचफुलाबाईच्या माहेरी गेले. तिच्या वडिलांनी कौतुकानं स्वतः काड्या तोडून दिल्या, चहा पाजला, आणि "कायले पायजे बापा एवढ्या?" असं एकदाच विचारलं. मी म्हटलं, "प्रयोग आहे." हा शब्द ऐकला की आपल्याकडची माणसं पुढे काही विचारत नाहीत. पावसाळ्यात काड्या मातीत खुपसल्या. सगळ्या लागल्या. वाळुंजाची काडी न लावू शकणारा माणूस मी अजून पाहिला नाही. मला मात्र ते माझं कसब वाटलं. थंडीत दोनशे खुंटांवर संत्र्याचे डोळे बांधले. मामाजी खाटेवर बसून पाहत होते.

"सूनबाई, कागदावर तं गाढवालेही शिंगं काढता येतात," ते म्हणाले.

मी मनात म्हटलं, यांना काय कळतंय.

तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या. एकशे चाळीस डोळे काळे ठिक्कर. उरलेले साठ हिरवे. मी शेडमध्ये नाचले. खरोखर नाचले, दोन बायांनी पाहिलं. आता विचार करा: कोथिंबीर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर चार दिवस हिरवी राहते. म्हणून काही ती फडक्याला कलम झाली असं कुणी म्हणत नाही. वाळुंजाची साल रसानं थबथबलेली. तिच्या कुशीत डोळा ओला राहिला होता, एवढंच. आणखी महिनाभर थांबले असते तर सगळं उघडं पडलं असतं. पण थांबणं हे कसब पदवीत शिकवत नाहीत. मी सुखदेवभाऊंना निरोप धाडला, ती साठ रोपं त्यांच्या गाडीत चढवली आणि तिथे जमलेल्या चारचौघांसमोर जाहीर केलं, "लागलं तर पुढल्या वर्षी पाच गाड्या वाळुंज तोडून आणू. साऱ्या तालुक्याला पाण्यातलं संत्र देऊ."

पंचफुलाबाई गाडीशी उभी होती. रोपाचं एक पान तिनं उलटं करून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बाई, हे तं वाळुंज आहे."

मी म्हटलं, "खुंट वाळुंजाचा, डोळा संत्र्याचा. तुम्हाला नाही समजायचं ते."

"डोळा मिटला दिसते मले," ती म्हणाली.

"झोपलाय. मृगात उठेल."

सुखदेवभाऊ बायकोवर खेकसले, "तुले काय करा लागते? वयनी शिकल्यासवरल्या आहेत." आणि गाडी गेली.

त्या उन्हाळ्यात नाला आटला. पंचफुलाबाईनं विहिरीवरून घागरी आणून साठच्या साठ रोपांना पाणी घातलं. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. मी अधूनमधून पाहायला जायची आणि मालकिणीच्या थाटात बांधावर उभी राहून सूचना करायची: इकडे आळं मोठं करा, तिकडे पालापाचोळा टाका. रोपं तरारली. मृग लागला तेव्हा ती कमरेएवढी झाली होती. पानं लांबोडकी, खालून पांढुरकी. सुखदेवभाऊ हळूच म्हणाले, "वयनी, पान काई संत्र्याचं दिसत नाई."

आंधळ्यालाही दिसलं असतं. मी म्हटलं, "आधी खुंटाचीच पानं येतात."

हे खोटं नव्हतं. पुढचं मी सांगितलं नाही, की कलमावर खुंटाची पानं आली तर ती रोज खुडायची असतात, कारण ती डोळ्याचा जीव खातात. आणि इथे खायला डोळाच शिल्लक नव्हता. मी रोज रात्री स्वतःला समजावत होते की उद्या एक तरी डोळा फुटेल. दुसराही उन्हाळा पंचफुलाबाईनं घागरी वाहिल्या. दुसऱ्या पावसाळ्याअखेर नाल्याकाठी डोक्याहून उंच अशी साठ वाळुंजं झुलत होती. त्यांना त्या थंडीत कापूस आला, वाऱ्यावर उडाला, आणि सुखदेवभाऊंच्या शेजाऱ्याच्या वाळत टाकलेल्या धोतरांवर जाऊन बसला. तालुक्यात बातमी पोहोचवायला याहून चांगली सोय नव्हती.

संत्र्याचा व्यापार करणारे एक कादरभाई होते. आमच्याकडून कलमा नेणाऱ्या अर्ध्या बागांचा माल त्यांच्याकडे जायचा. ते मुद्दाम गाडी थांबवून रोपवाटिकेत आले आणि हात जोडून म्हणाले, "भाभीजी, अगले साल बाभळी पे आम लगा दो. काटे हम निकाल लेंगे, आप फिकर मत करो." पुढची कित्येक वर्षं मला गावात "वाळुंजवाली" म्हणत. मामाजींनी सुखदेवभाऊंना चांगल्या जमिनीसाठी जंबेरीवरच्या कलमा न विचारता पोचवल्या आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण ही झाली मूर्खपणाची गोष्ट. मूर्खपणा मी आनंदानं सांगते. सांगून सांगून तो आता गुळगुळीत झाला आहे. जे सांगत नाही ते वेगळं आहे.

डोळे गेले हे कबूल करायची वेळ आली तेव्हा सुखदेवभाऊ आणि पंचफुलाबाई दोघंही शेडमध्ये आले होते. मजूर होते, मामाजी होते, दोन गिऱ्हाइकं होती. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. आणि मी, वनस्पतिशास्त्राची पदवीधर, म्हणाले, "पाणी जास्त झालं. पंचफुलाबाईंनी पाणी जास्त घातलं, त्यानं डोळे सडले."

सुखदेवभाऊ सगळ्यांसमोर तिला नको नको ते बोलले. दोन उन्हाळे घागरी वाहून खांद्याला घट्टे पडलेली ती बाई खाली मान घालून उभी राहिली. तिला खरं माहीत होतं. मला माहीत होतं की तिला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर पिशव्या भरायला आली.

त्यानंतर मी चांगलं काम केलं. हे आत्मस्तुतीनं नाही सांगत; मेहनत करायला मला लाजेनं भाग पाडलं. कुठलीही नवी गोष्ट तीन हंगाम स्वतःच्या जमिनीत लावून पाहिल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला दिली नाही. मामाजींच्या पायाशी बसून डोळा बांधायला पुन्हा पहिल्यापासून शिकले. म्हातारपणी त्यांनी एकदा माझी बांधलेली पट्टी चाचपून पाहिली आणि "जमते" म्हणाले. माझ्या काचेतल्या कागदापेक्षा तो शब्द मला मोठा वाटतो. पण त्याला खिळा नाही.

वाळुंज मात्र माझा पिच्छा सोडायला तयार नव्हतं. नांदगाव पेठेकडच्या एका कारखान्याचा साहेब गाडी घेऊन आला. त्याला कंपनीच्या आवारात खोट्या तळ्याकाठी सिनेमात असतं तसं, पाण्यावर फांद्या सोडून रडणारं झाड हवं होतं. कुणीतरी त्याला वाळुंज त्याच जातीचं असल्याचं सांगितलेलं.

मी म्हटलं, "जातीचं आहे, पण हे गरिबाघरचं. हे रडत नाही, उभं राहतं."

"पानं गळतात का?"

"गळतात की."

"मग न गळणारं द्या. आमच्याकडे झाडायला माणूस नाही."

"प्लास्टिकचं घ्या," मी म्हटलं.

त्यानं खरंच घेतलं. नंतर मला फोटो पाठवला. छान दिसत होतं, मेलेलं.

आता मी मुलाकडे अकोल्याला जठारपेठेत राहते. तिथल्या बायका फार शिकलेल्या आहेत. डोकेदुखीच्या गोळीचा शोध या जातीच्या झाडाच्या सालीवरून लागला, हे मोबाइलवर वाचून एक बाई माझ्याकडे वाळुंजाची साल मागायला आली. तिच्या घरात गोळ्यांचा डबा आहे, खाली औषधाचं दुकान आहे, वर डॉक्टर राहतो. पण तिला "नैसर्गिक" हवं होतं. मी म्हटलं, "त्या सालीचा कडूपणा तुमच्या सात पिढ्यांना पुरेल, आणि पोटाला त्रास झाला तर पुन्हा खालच्याच दुकानात यावं लागेल." ती रुसून गेली. पंचफुलाबाईच्या वडिलांकडे दुकान नव्हतं म्हणून ते साल उकळत. गरज म्हणून केलेल्या गोष्टीची हौस करणारी माणसं पाहिली की माझं डोकं दुखतं, आणि मी सरळ गोळी घेते.

दोन पावसाळ्यांपूर्वी वरूडकडे ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. नाला दोन्ही काठ घेऊन गेला. बांध गेले, कुणाचे पंप गेले, कुणाची उभी झाडं मुळासकट गेली. सुखदेवभाऊंचा काठ तेवढा राहिला. पंचफुलाबाई दरवर्षी टोपल्यांसाठी त्या वाळुंजाच्या काड्या छाटत आली होती, त्यामुळे झाडं न वाढता झुडपं होऊन दाट पसरली होती. पाण्याखाली आडवी झाली, पाणी उतरलं तशी उठली. मुळांच्या जाळ्यात माती अडकून बसली. विहीर जागच्या जागी.

मग अमरावतीहून पाणी आणि माती वाचवणारी काही तरुण मंडळी मोबाइल घेऊन आली. त्यांनी काठाचे फोटो काढले, सुखदेवभाऊंना विचारलं, ही झाडं कुणी लावली? सुखदेवभाऊ म्हणाले, "वयनीनं देल्ली व्हती." तेवढंच. त्या तीन शब्दांवर त्या मंडळींनी माझा सत्कार ठरवला.

गावातल्या शाळेच्या पटांगणात मांडव. शाल, नारळ, आणि माझ्या नावाच्या फलकावर "दूरदृष्टीची आजी". सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं सांगितलं की आजींनी अर्धशतकापूर्वी निसर्गाची हाक ओळखली. निसर्गानं मला हाक मारली असेल तर ती "थांब गं बाई" अशी असणार, पण ते तिला कुठून माहीत. सुखदेवभाऊ तिसऱ्या रांगेत बसले होते. पंचफुलाबाई गुडघ्यांमुळे घरीच होत्या.

माझ्या हाती माइक आला. मला वाटलं, आता फिटवून टाकावं. मी सगळं सांगितलं. टोपलीची पालवी, दोनशे डोळे, शेडमधला नाच, धोतरावरचा कापूस. लोक हसून हसून वाकले. "ही दूरदृष्टी नाही, हा आंधळेपणा आहे, झाड मूर्खापेक्षा हुशार निघालं, एवढंच," असं म्हणून मी शाल काढून खुर्चीवर ठेवली. लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी उठून सांगितलं की मोठी माणसं अशीच विनम्र असतात, आणि शाल पुन्हा माझ्या खांद्यावर घातली. आपल्याकडे एकदा सत्कार ठरला की गुन्हेगारालाही सुटका नाही.

मांडवातून बाहेर पडताना सुखदेवभाऊ काठी टेकत शेजारी आले. ऐंशीला टेकलेत, पण आवाज तोच.

"लई हासवलं वयनी तुमी."

"खरं तेच सांगितलं, भाऊ."

"व्हय." ते थोडं चालले. "पाण्याचं तेवढं राह्यलं."

मी थांबले. म्हणजे यांना माहीत होतं. "तुम्हाला कधीपासून...?"

"थ्याच साली. पुरात उभं राह्यते थे झाड घागरीच्या पाण्यानं सडन का? मी काय येडा आहो? पर तवर मी तिले बोलून बसलो व्हतो. चारचौघात बोलून बसलो, मंग मांगं कसं घ्याव? माह्यं बी राह्यलंच." त्यांनी काठीनं घराची दिशा दाखवली. "चाला. दोघंही जाऊ."

चाळीस वर्षं हंगामात रोज समोरासमोर बसून पिशव्या भरलेल्या बाईच्या घरी जाताना मी काठी टेकणाऱ्या सुखदेवभाऊंपेक्षाही हळू चालत होते. माइकवर हजार माणसांसमोर बोलणं काहीच नसतं. तिथे चूक गोष्ट होते, लोक हसतात, आपण मोठे होतो. एका माणसासमोर ती चूकच राहते.

पंचफुलाबाई ओसरीवर सुपात तूर पाखडत होत्या. आम्ही दोघं बरोबर आलेलं पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवलं. सुखदेवभाऊ खांबाशी उभे राहिले; बायकोसमोर बोलायचं होतं ते त्यांनी माझ्यावर सोपवलं, इतक्या वर्षांनीही. मी पंचफुलाबाईंजवळ खाली बसले. शाल अंगावर होती, ती काढायचंही सुचलं नाही.

म्हटलं, "पंचफुलाबाई, तुमच्या पाण्यानं काही सडलं नव्हतं. डोळा लागणारच नव्हता. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी सगळ्यांसमोर खोटं बोलले आणि तुम्हाला बोलणी खायला लावली. दोन उन्हाळे तुम्ही घागरी वाहिल्या, त्याचं मी असं केलं." आणि मग मला रडू फुटलं. म्हातारी बाई रडते तेव्हा ती फार वाईट दिसते, नाकातून पाणी येतं, आणि जवळ रुमाल नसतो. मी शालीनंच पुसलं.

पंचफुलाबाईंच्या तोंडाला पदर गेला. मला वाटलं त्याही रडतायत. खांदे हलत होते. पदर खाली आला तेव्हा पाहिलं, त्या हसत होत्या.

"काहून रडता बाई? तुमी त्या दिवशी सांगतलं व्हतं ना, लागलं तं पुढल्या साली पाच गाड्या तोडून आणू म्हून? माह्या बापाची सारी नदी बोडकी केली असती तुमी. मंग त्यानं टोपल्या कायच्या केल्या असत्या? म्हून मी दोन उन्हाळे त्या झाडायले पाणी घालत होती, अन् एकेका घागरीले देवाले म्हणत होती, झाड जगू दे बापा, पर या बाईचं संत्र काई लागू देऊ नोको."